रीलोडिंग प्रेस नेमका झिजतो कुठे?

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी सहसा पुन्हा वापरता येते. बार उडताना ती फुगते. तिला दाबून मूळ मापात आणायचं, बुडातला वापरलेला प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, काढायचा, शेवटी नवी गोळी बसवायची. ही कामं ज्या हातयंत्रावर होतात, तो रीलोडिंग प्रेस. जड चौकट, लांब हँडल, खालून वर सरकणारा दांडा म्हणजे रॅम, आणि डोक्यावर आट्यांत बसवलेला डाय, म्हणजे पुंगळीला माप देणारा साचा. बहुतेक डायच्या आट्यांचं माप एकच असतं: 7/8 इंच व्यास, इंचाला 14 आटे. म्हणून कित्येक वर्षांच्या जुन्या प्रेसमध्येही आज घेतलेला डाय बसतो.

चौकट सहसा दगा देत नाही. डाय वर रेटला जातो आणि रॅमचा सांधा खाली, त्यामुळे चौकटीवर ताण येतो. बीड ताणाला कच्चं, म्हणून ती भरपूर जाड ओततात. शिवाय बंद, 'ओ' अक्षरासारखी चौकट दोन्ही बाजूंनी भार वाटून घेते. 'सी' आकाराची एका बाजूनं उघडी असते; जोर आला की तिचं तोंड किंचित फाकतं आणि डाय तिरका होतो.

खरी झीज होते ती रॅम आणि तो चौकटीच्या ज्या भोकातून सरकतो त्यामध्ये, तसंच हँडलच्या सांध्यांतल्या पिनांवर. जॉन आर्चर्ड यांनी 1953 साली मांडलेला नियम सांगतो की भार आणि घासण्याचं अंतर वाढलं की झीज वाढते, पृष्ठभाग कडक असला की कमी होते. अंतराचा हिशेब करून पाहा. रॅम 10 सेंटिमीटर वर आणि तेवढाच खाली जातो असं धरू. एका काडतुसाला तीन फेऱ्या धरल्या, तर 10,000 काडतुसांत रॅम 6 किलोमीटर घासला जातो! मध्ये तेलाचा पातळ थर असेल तर एवढ्या प्रवासाचंही फारसं काही वाटत नाही.

पण त्या थरात धूळ शिरते, आणि ती प्रेसच तयार करतो. वापरलेला प्रायमर सुईनं बाहेर ढकलला की त्याची जळकी राख रॅमवर सांडते. तिच्यात शिसं, बेरियम आणि अँटिमनीची संयुगं असतात. काही प्रायमरमध्ये तर काचेची पूडही असते, आणि काच साध्या पोलादापेक्षा कडक. असा कण मऊ बिडात रुतून बसतो आणि समोरच्या कडक रॅमवर ओरखडे काढतो. भोकाचा जणू पॉलिश पेपर होतो. काही प्रेसमध्ये रॅम पोकळ असतो आणि प्रायमर त्यातून नळीवाटे थेट डब्यात पडतात. माझ्या मते टिकाऊपणासाठी ही सोय चौकटीच्या वजनाहून मोलाची आहे.

म्हणून नुसतं तेल सोडत राहणं चूक. राखेत तेल मिसळलं की घासायची पेस्टच तयार होते. आधी रॅम पूर्ण वर करून रॉकेलसारख्या द्रावणानं ओल्या केलेल्या फडक्यानं पुसायचा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. पिनांना ग्रीस, कारण ते जागेवर टिकतं. हवेच्या झोतानं राख उडवू नये. त्यातलं शिसं थेट श्वासात जातं. काम झाल्यावर हात साबणानं धुवावेत, आणि तोपर्यंत खाणंपिणं नाही.

पिनांचं दुखणं वेगळं. हँडल शेवटाला येतं तसे सांधे एका रेषेत येतात आणि हाताच्या जोराचं बळ प्रचंड वाढतं. हाताला काम हलकं वाटतं, पण पिना मात्र तो सगळा भार झेलत असतात. डाय गरजेपेक्षा खाली बसवला किंवा पुंगळीला वंगण लावायचं राहिलं, तर हा भार विनाकारण वाढतो. वंगणाशिवाय पुंगळी डायमध्ये अडकते आणि माणूस हँडलवर लोंबकळतो. सरळ, म्हणजे तोंडाशी अरुंद न होणाऱ्या पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडची कडी असलेले डाय मिळतात, त्यांना वंगण लागत नाही.

झीज तपासायला रॅम वर करून बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहावा. किंचित हलला तर घाबरू नये. पुंगळी ज्या होल्डरमध्ये बसते तो मुळातच थोडा सैल असतो आणि डायमध्ये शिरताना पुंगळी आपोआप मध्यावर येते. काळजी करायची ती हा ढिलेपणा दर काही महिन्यांनी वाढत असेल तर. तसं असल्यास आधी पिना बदलून पाहाव्यात. रॅमचं भोक झिजलं असेल, तर बहुधा कारखान्यातच जावं लागतं.