पार्श्वभूमी : पस्तिशीची रेघ आणि ‘व्हेटरन’ हा शब्द

प्राचीन ऑलिंपियात मुलगे आणि पुरुष असे दोनच वयोगट असत. उतारवयातील खेळाडूंचा स्वतंत्र विचार मात्र अगदी अलीकडचा असून त्यांची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा 1975 साली टोरांटो येथे भरली.

त्या स्पर्धेत प्रवेशाचे किमान वय पुरुषांसाठी 40 आणि स्त्रियांसाठी 35 ठेवले गेले, आणि हा पाच वर्षांचा फरक पुढे दीर्घकाळ टिकला. धावण्याच्या नोंदी पाहिल्या तर दोघांचीही घसरण साधारण पस्तिशीच्या आसपास जाणवू लागते, काही काळ संथ राहते आणि सत्तरीनंतर झपाट्याने वाढते. उतारवयात स्त्रियांचा आलेख अधिक खाली जातो हे खरे. परंतु ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉनच मुळी 1984 साली आली, तेव्हा आधीच्या पिढीतील किती जणींना तरुणपणी नियमित सराव करता आला असेल, हे लक्षात न घेता तो सारा उतार शरीराच्या माथी मारणे योग्य नव्हे. या शतकाच्या सुरुवातीला पुरुषांची मर्यादाही 35 वर आणण्यात आली.

शब्दांचा घोळ याहून चिवट आहे. मैदानी खेळांत ‘सीनियर’ म्हणजे खुला गट; मराठीत त्याचा ‘वरिष्ठ गट’ झाला आणि बावीस वर्षांची धावपटू बातमीत ‘वरिष्ठ’ ठरली. ‘ज्येष्ठ’ म्हटले की वाचकाला साठी आठवते. जागतिक पातळीवर उतारवयातील खेळाडूंसाठी ‘व्हेटरन’ मागे पडून ‘मास्टर्स’ रूढ झाला असला तरी गोव्यात जुना शब्द हटलेला नाही, कारण येथे तो फुटबॉलचा आहे. पस्तिशी-चाळिशी ओलांडून गावच्या मैदानावर उतरणाऱ्यांना कोणी ‘मास्टर्स’ म्हणत नाही.

वयानुसार सवलतीही ठरत गेल्या. पुरुषांच्या खुल्या गटातील गोळा 7.26 किलोचा असतो, पन्नाशीत तो 6 किलोचा होतो, साठीत 5, सत्तरीत 4 आणि ऐंशीनंतर 3 किलोचा. 1989 साली वेगवेगळ्या वयांच्या कामगिरीची टक्केवारीत तुलना करणारे तक्ते प्रसिद्ध झाले. त्यामुळे पासष्ट वर्षांच्या धावपटूची वेळ तिशीतल्या धावपटूच्या वेळेशी ताडून पाहता येऊ लागली.

वय मोजायचे कोणत्या दिवशी, यावरही एकवाक्यता नाही. मास्टर्स मैदानी स्पर्धांत स्पर्धेच्या वेळी पूर्ण झालेले वय धरतात. गोव्यात मिरामार येथे 2019 साली प्रथम झालेल्या, 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे असलेल्या स्पर्धेत मात्र ती ज्या वर्षी भरते त्या वर्षीच्या 31 डिसेंबरचे वय ग्राह्य धरले जाते. त्यामुळे डिसेंबरात चाळीस पूर्ण करणारा खेळाडू मिरामारला वाढदिवसाआधीच चाळिशीच्या गटात उतरतो आणि त्याच सुमारास ट्रॅकवर पस्तिशीच्या गटात धावतो.