महिन्याला 85 सेंटचं प्रकरण : वीज कंपनीचा पैसा आमदारांपर्यंत कसा पोचतो

85 सेंट म्हणजे अमेरिकेत किती, तर एवढ्यात धड एक कप कॉफी पण मिळत नाही. ओहायो राज्यात प्रत्येक घराच्या वीजबिलावर महिन्याला एवढीच रक्कम जास्तीची लावायची अशी तरतूद 2019 च्या एका कायद्यात होती, हाउस बिल 6 नावाच्या. आणि तो कायदा पास व्हावा, टिकावा म्हणून फर्स्टएनर्जी ही वीज कंपनी आणि तिच्या उपकंपन्या यांनी मिळून जवळपास 6 कोटी डॉलर ओतले होते. कायद्यातून मिळणारं एकूण पॅकेज होतं साधारण 130 कोटी डॉलरचं. म्हणजे एक डॉलर लावला की वीसपेक्षा जास्त परत, आणि ते पण कुठलीही जोखमीची गुंतवणूक न करता, फक्त सभागृहात योग्य माणसं बसवून.

हे प्रकरण मी बरंच वाचलंय आणि मला ते निव्वळ भ्रष्टाचाराची बातमी म्हणून महत्त्वाचं वाटत नाही. वीज या वस्तूचं अर्थशास्त्रच असं आहे की हा धंदा राजकारणाच्या फार जवळ जाऊन बसतो, आणि ते का होतं हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी साधी गोष्ट. तुमच्या गल्लीत दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या तारा, दोन वेगळे खांब, दोन ट्रान्सफॉर्मर उभे केले तर खर्च दुप्पट होईल आणि ग्राहक तेवढेच राहतील, त्यामुळे तारांचं जाळं एकाच कंपनीकडे असणं स्वस्त पडतं. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. आता मक्तेदारी दिली की कंपनी वाटेल तो भाव लावणार, म्हणून सरकार एक आयोग बसवतं आणि तो आयोग दर ठरवतो. आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोग आहे तसंच अमेरिकेत प्रत्येक राज्याचं कमिशन असतं. आपल्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी येतात, ओहायोच्या बिलात अशा जास्तीच्या आकारांना रायडर म्हणतात. बहुतेक लोक त्या ओळी वाचत नाहीत, एकूण रक्कम बघतात आणि भरून टाकतात, आपण पण तेच करतो.

दर कसा ठरतो ते बघा. कंपनीने खांब, तारा, सबस्टेशन यात जेवढं भांडवल घातलं त्यावर आयोग ठराविक टक्के नफा मंजूर करतो. समजा 100 कोटींचं सबस्टेशन बांधलं आणि 10 टक्के नफा मान्य झाला तर वर्षाला 10 कोटी. पण झाडांच्या फांद्या छाटण्यावर जो खर्च होतो तो फक्त भरून मिळतो, त्यावर नफा नाही. साहजिकच कंपनीचा ओढा बांधकामाकडे राहतो, गरज असो वा नसो. हार्वे अॅव्हर्च आणि लीलंड जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये हे गणिताने मांडून दाखवलं, आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. (फांद्यांवरून आठवलं, 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिका आणि कॅनडात जवळपास 5 कोटी लोकांची वीज गेली होती, त्याची सुरुवात ओहायोत फर्स्टएनर्जीच्या लाइन झाडांना टेकून ट्रिप झाल्याने झाली. चौकशी समितीने झाडं नीट छाटली नव्हती हे स्पष्ट नोंदवलं. ते याच हिशेबामुळे झालं असा माझा दावा नाही, पण फांदी छाटणं हे काम किती महत्त्वाचं असतं ते यावरून कळतं.)

मुद्दा हा की इथे नफा ग्राहकाला खूश करून वाढत नाही, तो आयोगाच्या टेबलावर आणि विधिमंडळात ठरतो. मग कंपनीने पैसा कुठे लावावा? उत्तर सरळ आहे.

आता ओहायो. तिथे वीज तयार करण्याचा धंदा आधीच मोकळा केला होता, म्हणजे तारा मक्तेदारीत पण वीजकेंद्रं बाजारात. बाजारात रोज लिलाव होतो, सगळ्यात स्वस्त केंद्राची वीज आधी घेतात, मग त्याहून महाग, आणि मागणी पूर्ण करणारं शेवटचं केंद्र जो भाव मागतं तोच भाव सगळ्यांना मिळतो. शेल गॅस, म्हणजे जमिनीखालच्या खडकातून काढलेला नैसर्गिक वायू, आला आणि गॅसवरची वीज एकदम स्वस्त झाली, त्यामुळे हा शेवटचा भावच खाली आला. अणुकेंद्राला इंधन थोडं लागतं पण माणसं, सुरक्षा, देखभाल हा खर्च ठरलेला असतो, वीज विकली जावो न जावो. फर्स्टएनर्जीच्या उपकंपनीची लेक एरीच्या काठावरची दोन अणुकेंद्रं, डेव्हिस-बेसी आणि पेरी, अशी अडचणीत आली. मार्च 2018 मध्ये ती बंद करणार अशी घोषणा झाली आणि पाठोपाठ ती उपकंपनी दिवाळखोरीत गेली.

इथे मला एक सांगावंसं वाटतं. अणुकेंद्रातून कार्बन निघत नाही, त्यामुळे ती चालू ठेवायला लोकांनी थोडे पैसे द्यावेत हा मुद्दा अजिबात वेडगळ नाही, न्यूयॉर्क आणि इलिनॉयने अशी मदत दिलीच होती. उघड चर्चा झाली असती तर मी स्वतः कदाचित बाजूनेच बोललो असतो. पण हाउस बिल 6 मध्ये अणुकेंद्रांना वर्षाला 15 कोटी डॉलर देता देता दोन जुन्या कोळसा केंद्रांनाही ग्राहकांच्या खिशातून मदत लावली, ही केंद्रं 1950 च्या दशकात युरेनियम समृद्ध करणाऱ्या एका सरकारी कारखान्याला वीज द्यायला बांधलेली, आणि त्यातलं एक तर ओहायोत नाहीच, इंडियानात आहे. वर सौर-पवन विजेचं जे उद्दिष्ट होतं ते 12.5 टक्क्यांवरून 8.5 वर आणलं आणि वीजबचतीच्या योजना गुंडाळल्या. हवामानाची काळजी असणारा माणूस असा कायदा लिहीलच कसा.

मग पास कसा झाला? लॅरी हाउसहोल्डर नावाच्या नेत्याला ओहायोच्या सभागृहाचं स्पीकर व्हायचं होतं. 2017 मध्ये जनरेशन नाउ नावाची एक संस्था निघाली, अमेरिकेच्या करकायद्यात समाजकल्याणाची म्हणून मोडणारी, आणि अशा संस्थेला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. फर्स्टएनर्जीचा पैसा तिथे गेला. त्यातून 2018 च्या निवडणुकीत हाउसहोल्डरच्या बाजूच्या उमेदवारांना जाहिराती, पत्रकं, प्रचार असं सगळं मिळालं, त्यांना टीम हाउसहोल्डर म्हणायचे. जानेवारी 2019 मध्ये तो 52 विरुद्ध 46 मतांनी स्पीकर झाला, आणि 23 जुलैला सभागृहात कायदा 51 विरुद्ध 38 ने पास होऊन त्याच दिवशी गव्हर्नरची सही पण झाली. आमदार पाकीट घेऊन मत विकतो असं चित्र आपल्या डोक्यात असतं, इथे पैशाने आधी कोण निवडून येणार आणि खुर्चीवर कोण बसणार हे ठरवलं, मग मतं आपोआप येतात.

लोकांनी विरोध केला नाही असं नाही. कायद्यावर सार्वमत घ्यावं म्हणून सह्या गोळा करायला सुरुवात झाली, सुमारे 2 लाख 66 हजार सह्या लागत होत्या. तर टीव्हीवर जाहिराती आल्या की चीन सरकार आपल्या वीज ग्रिडमध्ये शिरतंय, सही करू नका. सह्या घेणाऱ्यांच्या मागे माणसं लावली, काहींना काम सोडून घरी जायला पैसे आणि विमानाचं तिकीट देऊ केलं. सह्या मुदतीत पुऱ्या झाल्या नाहीत.

परत 85 सेंटकडे येऊ. वर्षाचे होतात 10 डॉलर 20 सेंट. एवढ्यासाठी कोण सुट्टी टाकून राजधानी कोलंबसला जाऊन समितीसमोर बोलणार, पार्किंगलाच त्याहून जास्त जातील. पण दुसऱ्या बाजूला एका कंपनीसाठी तो कोट्यवधींचा प्रश्न असतो, तिचे वकील आणि लॉबिस्ट रोज तिथे हजर असतात. मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1965 मध्येच हे सांगितलं होतं, फायदा मोजक्यांच्या हातात आणि तोटा लाखो लोकांत वाटलेला असला की मोजके संघटित होतात आणि लाखो गप्प बसतात, मूर्ख म्हणून नाही, प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो म्हणून. त्यामुळे मला 85 सेंट हा आकडा सगळ्यात भीतीदायक वाटतो. तो 20 डॉलर असता तर रस्ते भरले असते.

आता शास्त्रीय प्रश्न असा की देणगीमुळे आमदार बदलतो, की आधीच आपल्या मताच्या आमदाराला कंपनी देणगी देते? नुसती यादी घेऊन कुणी किती घेतले आणि कसं मत दिलं हे जुळवलं तर यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते कळत नाही. पावसाळ्यात छत्र्या जास्त दिसतात म्हणून छत्रीमुळे पाऊस पडतो असं होत नाही ना. यावर जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी एक प्रयोग केला जो मला फार आवडतो. अमेरिकी काँग्रेसच्या 191 कार्यालयांकडे एका संघटनेने भेटीची वेळ मागितली, मागणी तीच, विषय तोच, फक्त चिठ्ठ्या टाकल्यासारखं काही कार्यालयांना सांगितलं की भेटायला येणारे तुमचे मतदार आहेत आणि काहींना सांगितलं की ते देणगीदार आहेत. देणगीदार हा शब्द आला तिथे खुद्द सदस्य किंवा वरिष्ठ अधिकारी भेटण्याचं प्रमाण तिपटी-चौपटीने जास्त निघालं. मत विकलं गेलं हे यातून सिद्ध होत नाही, पण दार कुणासाठी उघडतं हे कळतं, आणि विजेसारख्या किचकट विषयात ज्याचं ऐकलं जातं त्याच्याच शब्दांत कायदा लिहिला जातो.

आणि आमदारांवर थांबत नाही. दर ठरवणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष होणाऱ्या सॅम रँडाझो यांना नेमणुकीच्या तोंडावर 43 लाख डॉलर दिल्याचं फर्स्टएनर्जीने नंतर स्वतः मान्य केलं. रँडाझो यांनी आरोप नाकारले होते, खटला चालण्याआधीच 2024 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नियामक ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच बाजूने काम करू लागतो ही मांडणी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1971 मध्ये केली होती.

जुलै 2020 मध्ये एफबीआयने हाउसहोल्डरला अटक केली. नोव्हेंबरमध्ये तो तरीही निवडून आला, 2021 मध्ये सभागृहाने त्याला काढलं आणि जून 2023 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. फर्स्टएनर्जीने गुन्ह्याची कबुली देऊन 23 कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. हाउसहोल्डरला अटक झाली त्याच महिन्यात, जुलै 2020 मध्ये, शिकागोची कॉमएड ही वीज कंपनी 20 कोटी डॉलर दंड भरायला तयार झाली, इलिनॉयचे स्पीकर मायकल मॅडिगन यांच्या माणसांना काम नसलेल्या नोकऱ्या आणि कंत्राटं दिल्याबद्दल. मॅडिगन यांना 2025 मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. हे सगळं निदान गुन्हा होता. व्हर्जिनियात तर राज्याच्या निवडणुकीत देणगीला मर्यादाच नाही, तिथल्या डॉमिनियन वीज कंपनीने दोन्ही पक्षांना वर्षानुवर्षं कायदेशीर पैसे दिलेत, शेवटी 2018 मध्ये एक संघटना निघाली जी डॉमिनियनचा पैसा नाकारणाऱ्या उमेदवारांना स्वतः देणगी देते. म्हणजे पैशाला उत्तर पण पैशानेच, याने मला फार बरं वाटत नाही, पण दुसरा मार्ग तिथल्या लोकांना दिसला नसावा. आपल्याकडे निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टाने 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द केले ते याच कारणासाठी, कुणी कुणाला दिले हे मतदाराला कळलं पाहिजे.

ओहायोच्या अणुकेंद्रांसाठीचे 85 सेंट मात्र कधी वसूल झालेच नाहीत, डिसेंबर 2020 मध्ये कोर्टाने थांबवले आणि मार्च 2021 मध्ये ती तरतूद रद्द झाली. गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की दोन्ही अणुकेंद्रं त्या पैशाशिवायही बंद पडली नाहीत, आजही चालू आहेत. कोळसा केंद्रांचा आकार जानेवारी 2020 पासून बिलात येत राहिला आणि तो बंद करणारा कायदा व्हायला 2025 उजाडलं. क्लीव्हलंड, कोलंबसमधल्या मराठी घरांनीही तो पाच वर्षांहून जास्त काळ भरलाय. सौर-पवन विजेचं कमी केलेलं उद्दिष्ट आणि बंद केलेल्या वीजबचतीच्या योजना परत आणलेल्या नाहीत.