दोरा गाठीपाशीच का तुटतो?

मोठा मासा सुटला की काठावर आधी त्याचं वजन सांगितलं जातं आणि मग तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याला, शिव्या बसतात. माशाचं वजन तपासायची सोय नसते, पण तंगुसाचं उरलेलं टोक हातात असतं. ते नीट बघावं. टोक बारीक वेटोळं होऊन आलं असेल, तर तंगूस तुटलाच नाही, गाठ सरकली. टोकाअलीकडे वीत-दीड वीत पांढरट, खरखरीत चरे असतील तर दगडाने कापला. आणि गळाच्या नेढ्याजवळच स्वच्छ तुकडा पडला असेल तर गाठीनं घात केला. सांगलीच्या घाटांवर काय किंवा हरिपूरच्या संगमावर काय, या तिसऱ्या प्रकारची टोकं भरपूर सापडतात.

गाठीत तंगुसाला एकदम अरुंद वळण घ्यावं लागतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जास्त ताण बसतो, आतली बाजू दाबली जाते, म्हणजे भार सगळ्या जाडीवर सारखा वाटला जात नाही. वर वेढे आडवे आवळतात ते वेगळंच. म्हणून गाठ मध्ये न तुटता तिच्या तोंडाशी तुटते: पूर्ण ताण आणि पहिलं वळण जिथे एकत्र येतात तिथे. आपण पिशवीला मारतो तसली साधी गाठ तंगुसाची ताकद जवळपास निम्म्यावर आणते. रिळावर ‘१० किलो’ छापलेलं असलं तरी गळाशी पाचच उरतात.

चांगली गाठ वेढ्यांच्या जोरावर टिकते. कासऱ्याचे खुंटाला दोन वेढे दिले की पोरगंसुद्धा बैल थोपवतं, तेच गणित इथे चालतं. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं ते मांडलं. प्रत्येक वेढ्यागणिक धरून ठेवायची ताकद बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते. घर्षणांक ०.२ धरला तर एका वेढ्याला सुमारे साडेतीनपट, पाच वेढ्यांना पाचशेपटीहून जास्त! घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.१ झाला, की तेच पाच वेढे जेमतेम तेवीसपट धरतात. हल्ली पॉलिथिलीनचा विणलेला ‘ब्रेड’ दोरा बरेच जण वापरतात. तो नायलॉनपेक्षा गुळगुळीत असतो, म्हणून नायलॉनची गाठ त्यावर जशीच्या तशी मारली की सरकते. ब्रेडला वेढे वाढवायचे.

मला विचाराल तर एकच गाठ शिका, पॅलोमार. तंगूस दुहेरी करून नेढ्यातून ओवायचा, त्या दुहेरी तंगुसाची सैल साधी गाठ मारायची, पुढे उरलेल्या फासातून गळ आख्खा पार करायचा आणि थुंकी लावून हळूहळू ओढायचं. थुंकी हा विधी नव्हे. कोरडा नायलॉन झटक्यात आवळला तर घासून तापतो आणि तापला की तिथेच कमजोर होतो. बाजारात चपट्या डोक्याचे, नेढं नसलेले गळही मिळतात. त्यांना ही गाठ चालत नाही, दांडीवर सात-आठ वेढे घट्ट शेजारी शेजारी गुंडाळून बांधावं लागतं. तिथेही पकड वेढ्यांचीच.

गाठीचा प्रश्न जाड तंगूस घेऊन सोडवायचा मोह सगळ्यांना होतो. ०.२० मिलिमीटरऐवजी ०.४० घेतला तर ताकद चौपट होते हे खरं, कारण ती छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. पण प्रवाह ज्याला ढकलतो ती रुंदीही दुप्पट होते आणि तंगूस जास्त ताठ होतो. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ढकल चौपट होते. कोयनेतून पाणी सोडलं की आमिष तळाशी धरणारं, कालपर्यंत जागेवर बसणारं शिशाचं वजन आज वाहत काठाला का लागतं, ते यात आलं. कृष्णेतल्या रोहू-मृगळाला ०.३० ते ०.३५ पुरतो, गाठ नीट असेल तर.

वजनाला शिसंच का, दगड का नाही? आपल्या काळ्या दगडाची घनता पाण्याच्या साधारण २.९ पट, शिशाची ११.३ पट. ३० ग्रॅमचा दगड पाण्यात २० ग्रॅमच भरतो, शिसं २७ ग्रॅम. त्यातून दगडाचा आकार जवळजवळ चौपट, म्हणजे प्रवाहाला धक्का द्यायला जागाही जास्त. तरी शिसं विषारी आहे, दातांनी चावून बसवायची सवय सोडावी. हंसांच्या पोटात जातं म्हणून इंग्लंडमध्ये छोट्या शिशांवर १९८७ सालीच बंदी आली.

गळ, शिसं आणि तंगूस यांची जोडणी मात्र माशाच्या तोंडाकडे आणि तळाकडे बघून ठरवायची. कटला, रोहू, मृगळ हे तिघेही मूळचे गंगेकडचे, बीज सोडून सोडून इकडे रुजलेले. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो, त्याला तळाशी कणिक टाकून दिवसभर बसण्यात अर्थ नाही. तिथे तरंग, म्हणजे आमिष वर धरणारा तरंगता तुकडा हवा. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चिवडतो. आमिष ओढून घेतो, वजन जाणवलं की थुंकतो. त्याच्यासाठी शिसं तंगुसावर सरकतं ठेवतात, म्हणजे ओढ शिशाला न हलवता काठीपर्यंत येते. पण सांगलीकडे बंधाऱ्यांच्या फुगवट्यात गाळ जाड असतो. शिसं त्यात रुतलं की भोक बुजतं आणि ‘सरकतं’ हे नावापुरतंच उरतं. म्हणून तिथे शिसं थेट न ओवता तंगुसावर एक कडी सरकती ठेवावी आणि शिसं तिला वीतभर दोऱ्यानं टांगावं. शिसं गाळात, कडी वर मोकळी.

वर साताऱ्याकडे, वाईच्या पुढे-मागे खडकाळ पात्रात गोष्ट उलटी. तिथे शिसं कपारीत अडकणारच. मग ते टांगायचा दोरा मुद्दाम मुख्य तंगुसाच्या निम्म्या ताकदीचा घ्यायचा. अडकलं तर तेवढंच तुटतं, गळ आणि मासा परत येतो. मुख्य तंगूस तुटला तरी शिसं कुठे अडकताच सुटतं, मासा ते ओढत फिरत नाही, हाही फायदा. जोडणीत कुठेतरी कच्चा दुवा असतोच, तो कुठे असावा हे आपण ठरवलेलं बरं.

आता काठी. लोक सगळ्यात जास्त पैसे इथे घालतात आणि तरफेचा नियम विसरतात. लांब काठीत तरफ माशाच्या बाजूनं असते. पुढच्या हातापासून टोक अडीच मीटर आणि दोन हातांत अर्धा मीटर अंतर असेल, तर टोकावरच्या २ किलो ओढीला मागच्या हातानं १० किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे १० किलोच्या तंगुसाला काठीनं संथ ओढून आपण पुरता ताणूच शकत नाही. तो तुटतो झटक्यानं. झटका सोसायचं काम काठीचं: ती जितकी वाकते तितकी माशाची धडक जास्त अंतरावर विभागली जाते, आणि वाकल्यानं तरफेचा हातही आखूड होतो. मासा पळाला म्हणून घाबरून काठी त्याच्याच दिशेला सरळ धरली, की हा सगळा बचाव संपला. ब्रेडवाल्यांनी हे जास्तच सांभाळावं, त्यांचा दोरा नायलॉनसारखा ताणत नाही.

कळकाची काठी यात अजिबात मागासलेली नाही. कळकाचे चिवट धागे सालीकडे दाट असतात, आणि वाकताना सर्वात जास्त ताण तिथेच येतो. पोकळ, निमुळता, हलका. तंतुकाचेची, म्हणजे फायबरग्लासची काठी मार सोसणारी, नवशिक्याला तीच घ्यावी. कार्बनची हलकी आणि ताठ असते, हलकी ओढही हाताला कळते, पण कडेला ठेच लागली की तिथून फुटते.

कार्बनमधून वीज वाहते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. कृष्णाकाठी उसाच्या पंपांच्या तारा जागोजागी नदीपर्यंत आल्या आहेत. गळ फेकताना तीन-चार मीटरची कार्बन काठी डोक्यावर जाते तेव्हा वर बघायची सवय हवी. तारेखाली बसूच नये, कळकाची काठी असली तरी; ओली झाल्यावर तिचाही भरवसा नाही. आणि भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे घाटाच्या खालच्या पायरीवर बसायचं नाही. मासा काढायला पाण्यात हात घालण्यापेक्षा लांब दांड्याची जाळी घ्यावी, आणि अंधारात तीसुद्धा नको.