ओल जिथे दिसते, गळती तिथेच असते का?

‘छतावर डाग पडला की बरोबर त्याच्या वरची फरशी उखडा, गळती तिथेच सापडेल,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटण्यासारखा आहे, कारण पाणी खालीच येतं. पण ते सरळच खाली येतं असं नाही.

फरशीखालच्या भरावात शिरलेलं पाणी स्लॅबच्या उताराने सरकतं. विजेच्या तारांच्या नळीतून, पाइपच्या बाहेरच्या अंगाने किंवा एखाद्या भेगेतून वाट काढतं आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे झिरपतं. त्यामुळे डाग एका खोलीत आणि दोष शेजारच्या न्हाणीघरात, असं सर्रास घडतं. माळ्यावर खोली काढलेल्या घरात तर कौलाखालून शिरलेलं पाणी वाशांवरून बरंच लांब जाऊन टपकतं.

म्हणून फोडाफोडीआधी तपासा. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला, तर मीटरनंतरच्या पाइपात, नळात किंवा फ्लशच्या टाकीत पाणी जातंय. पुरवठा गच्चीवरच्या टाकीतून असेल, तर ती भरणं थांबवून पातळीवर खूण करा. काहीच हललं नाही, तर संशय सांडपाण्याच्या पाइपावर आणि न्हाणीघराच्या जमिनीवर. तिथली जाळी घट्ट बंद करून बोटभर पाणी चोवीस तास साठवा. डाग वाढला, तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असण्याची शक्यता मोठी. डाग फक्त पावसातच वाढत असेल, तर आधी छप्पर आणि बाहेरच्या भिंती बघा.