धनुर्वातातलं धनुष्य

गंजका खिळा पायात घुसला की 'धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का?' हा प्रश्न मराठी घरात ठरलेला. रोग फारसा कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे शब्द आता इंजेक्शनलाच चिकटलाय. त्यातलं धनुष्य मात्र रुग्णाच्या पाठीचं आहे: टाचा आणि डोक्याची मागची बाजू तेवढी अंथरुणाला टेकलेली, मधलं सगळं अंग कमानीसारखं वर उचललेलं.

फोड सोपी आहे. धनुस् अधिक वात, संधीने धनुर्वात. इथला वात त्रिदोषांतला. संधिवात, आमवात, अर्धांगवात याच रांगेतले. अंग कोणत्या बाजूला वाकतं हे शब्द सांगत नाही, पण सुश्रुतसंहिता सांगते. निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात धनुष्यासारखं वाकवणाऱ्या विकाराला धनुःस्तंभ म्हटलंय. पुढे वाकवणारा तो अभ्यंतरायाम, मागे वाकवणारा बाह्यायाम. बाह्यायाम असाध्य, 'वक्षःकट्यूरुभञ्जनम्', म्हणजे छाती, कंबर, मांड्या मोडणारा. वाचताना अतिशयोक्ती वाटते, पण झटक्यांच्या जोराने पाठीचे मणके खरंच मोडतात. जखमेमुळे किंवा गर्भपातानंतर आलेला अपतानक, म्हणजे झटक्यांचा हा विकार, बरा होत नाही, अशी नोंदही तिथेच आहे. ग्रीक वैद्यांनीही हाच भेद केला. त्यांचा मागे ताणणारा 'ओपिस्थोटोनस' आजही डॉक्टरांच्या तोंडी आहे. हिंदी-बंगालीत धनुष्टंकार चालतो, म्हणजे प्रत्यंचेचा आवाज. वाकण्यापेक्षा झटक्याला तो शब्द जास्त शोभतो.

मग अंग मागेच का वाकतं? क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूचं विष मज्जारज्जूत 'स्नायू सैल सोड' हा निरोपच अडवतं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकदमच आवळतात. पाठीचे दांडगे, म्हणून ओढ त्यांची. जखमेनंतर साधारण 3 ते 21 दिवसांत सुरुवात होते, बहुधा जबड्यापासून. दातखीळ बसते, मग मान ताठते, मग पाठ. शुद्ध शाबूत असते. दार आपटलं तरी नवा झटका येतो, म्हणून रुग्णाला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवतात.

खिळ्याचा गंज निर्दोष आहे. बीजाणू मातीत, शेणात, घोड्याच्या लिदीत असतात आणि खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही म्हणून तिथे फोफावतात. नाळेवर शेण-माती लावली की तान्ह्या बाळालाही तेच.

जपानी जिवाणुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो यांनी 1889 मध्ये हा जिवाणू वेगळा काढून वाढवला आणि पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ बेरिंगसोबत त्याच्या विषावरचं प्रतिविष दाखवलं. कारण वात नव्हे, हे तेव्हाच ठरलं. मराठीने नाव बदललं नाही. भारतात माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. लसीत आता घटसर्पाचाही अंश असतो, म्हणून गरोदरपणाच्या कार्डावर टीटीच्या जागी टीडी लिहितात. तोंडी मात्र ते धनुर्वाताचंच इंजेक्शन.