थोरल्याला बायपोलर, मग धाकट्याचं सेरोटोनिन कसं?

लातूर-बीडकडे सोयरीक जुळवताना थोरल्या भावाच्या बायपोलरची (कधी अति उत्साह, कधी खोल नैराश्य असा आजार) कुणकुण लागली, की धाकट्याकडेही संशयानं पाहिलं जातं. आकडे वेगळं सांगतात. हा आजार शंभरात साधारण एकाला होतो, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत आणि मुलांत शंभरात पाच ते दहा जणांना. उरलेल्या नव्वदहून जास्त जणांना तो होत नाही.

मग अशा निरोगी भावंडांच्या मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन, मोजायचं कसं? रक्त तपासून नाही. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. त्यामुळे मनःस्थितीसाठी ‘सेरोटोनिन टेस्ट’ करणं म्हणजे पैसे पाण्यात. मेंदू ते स्वतःच बनवतो, अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून.

म्हणून संशोधक हा कच्चा मालच तोडतात. आदल्या दिवशी कमी प्रथिनांचं जेवण, रात्रभर उपास आणि सकाळी सुमारे १०० ग्रॅम अमिनो आम्लांचं पेय, त्यात ट्रिप्टोफॅन सोडून बाकी सगळं. चव इतकी वाईट की मळमळतं. उलटी झाली की त्या दिवसाची चाचणी बाद. यकृत प्रथिनं बनवायला घेतं आणि रक्तातलंच ट्रिप्टोफॅन वापरून टाकतं. जे उरतं त्याला मेंदूच्या दारात पेयातली ल्युसीन, व्हॅलीन ही अमिनो आम्लं रेटतात, कारण दार सगळ्यांना एकच. पाचेक तासांत रक्तातलं ट्रिप्टोफॅन ७० ते ८० टक्क्यांनी उतरतं. वेगळ्या एका दिवशी ट्रिप्टोफॅनसह पेय देऊन तुलना करतात.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या गटानं २००२ मध्ये हेच केलं, बायपोलर रुग्णांच्या निरोगी नातेवाईकांवर आणि घरात हा आजार नसलेल्यांवर. स्मरणशक्ती दोन्ही गटांत घसरली, पण चाली आधी आखून सोडवायच्या कोड्यात फक्त नातेवाईक मंदावले. म्हणजे सेरोटोनिन कमी पडलं की त्यांच्यात उणीव दिसते, असं असावं. ही आजाराची चाहूल मात्र नव्हे.

ल्युसीन आपल्या ज्वारीतही जास्त असतं. त्यावर हैदराबादचे संशोधक गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये पेलाग्रासाठी (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) संशय घेतला होता, पुढे त्यावर वादही झाले. भाकरी सोडू नका! वरणासोबत खाल्ली तर ट्रिप्टोफॅन त्या पेयाइतकं उतरत नाही.

खरी काळजी औषधाची. अशा घरातल्या कुणाला नैराश्य आलं, तर डॉक्टरांना भावाचा आजार आधी सांगा. सेरोटोनिन वाढवणारी गोळी एकटीच दिल्यास काहींना उन्माद चढतो. तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खर्च सुटलाय, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.