दम्याच्या नव्या औषधांची पार्श्वभूमी : उत्तर बेडक्यात होते

मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, डुपिलुमॅब. 2015पासून दम्यासाठी आणि नाकात पुन्हा पुन्हा वाढणाऱ्या मासासाठी आलेली ही इंजेक्शने नवीन आहेत, यात शंका नाही. पण यातली बरीचशी कोणाला लागू पडतील हे ओळखण्याची खूण 1958 सालीच छापून आली होती. पुढची चाळीस वर्षे तिच्याकडे फारच थोड्यांनी लक्ष दिले.

ही खूण म्हणजे इओसिनोफिल नावाची पांढरी पेशी. 1879 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिक यांनी रक्ताच्या काचपट्टीवर इओसिन हा तांबडा रंग टाकला. काही पेशींतले दाणे तो रंग पिऊन भडक दिसू लागले आणि पेशीला नाव मिळाले. त्याच्याही आधी, 1872 मध्ये, लायडेन या जर्मन डॉक्टरांना दमेकऱ्यांच्या बेडक्यात, म्हणजे खोकून पडणाऱ्या कफात, दोन्ही टोकांना निमुळते स्फटिक दिसले होते. हे स्फटिक इओसिनोफिलमधल्याच एका प्रथिनाचे असतात. ते निरुपद्रवी उरलासुरला कचरा आहेत, अशी समजूत फार काळ होती. 2019 मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी दाखवून दिले की ते स्वतःच दाह वाढवतात, आणि प्रतिपिंडांनी ते विरघळवता येतात.

दम्यात स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारी औषधे, आली 1950च्या दशकात. ब्रिटनमध्ये जुनाट दम्यावर कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चाचणी झाली. 1956 मध्ये तिचा निष्कर्ष आला : फारसा उपयोग नाही. डर्बी गावच्या हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टरांनी मात्र प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी देण्याआधी रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते त्यांना गोळीने आराम पडला. ज्यांच्यात नव्हते त्यांना जवळजवळ पडलाच नाही. औषध निकामी नव्हते, चाचणीत दोन वेगळे आजार एकत्र मोजले गेले होते. 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला.

एवढे स्पष्ट निरीक्षण मागे का पडले? एक तर बेडका तपासणे किचकट, आणि खरे सांगायचे तर कोणाला आवडणारे काम नाही. दुसरे म्हणजे पंप आले. 1956 मध्ये मोजका डोस सोडणारा पहिला पंप, 1969 मध्ये श्वासनळ्या मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल, 1972 मध्ये ओढून घ्यायचे स्टेरॉइड बेक्लोमेथासोन. बहुसंख्य रुग्णांना त्याने इतका फरक पडला की उरलेल्यांना का पडत नाही, हा प्रश्न बाजूला राहिला. दमा म्हणजे नळ्या आवळण्याचा आजार, फुंकर मारायला लावून मोजायचा, हीच पद्धत रूढ झाली.

बेडक्याकडे नीट परतले ते कॅनडातल्या हॅमिल्टनचे फ्रेडी हारग्रीव्ह आणि त्यांचे सहकारी. रुग्णाला खारट पाण्याची वाफ देऊन खोकायला लावायचे, लाळेतून घट्ट गोळे चिमट्याने वेगळे काढायचे, चिकटपणा मोडणाऱ्या द्रवात ते विरघळवायचे आणि मग काचपट्टीवर एकेक करून चारशे पेशी मोजायच्या. शंभरात साधारण तीनहून जास्त इओसिनोफिल निघाले तर दाह त्या प्रकारचा. 2002 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटाने 74 रुग्णांवर हे पडताळले. निम्म्यांचे औषध नेहमीच्या पद्धतीने ठरवले, निम्म्यांचे बेडक्यातल्या मोजणीवरून. वर्षभरात पहिल्या गटात दम्याचे 109 तीव्र झटके आले, दुसऱ्यात 35; आणि एकूण स्टेरॉइड काही जास्त लागले नव्हते.

त्याच सुमाराला 1956ची चूक पुन्हा घडत होती. इओसिनोफिलला वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-5 या रेणूला अडवणारे मेपोलिझुमॅब तयार झाले होते. 2000च्या छोट्या चाचणीत पेशी घटल्या, दमा होता तसाच. 2007 मध्ये 362 रुग्णांवरची चाचणीही फसली. औषध जवळपास मोडीत निघाले. पण त्या चाचण्यांत रुग्ण निवडताना बेडका कोणी पाहिला नव्हता. लेस्टर आणि हॅमिल्टनच्या गटांनी तो पाहून रुग्ण निवडले, एकाने 61 आणि दुसऱ्याने अवघे 20. 2009 मध्ये दोन्ही निकाल एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. लेस्टरमध्ये औषध न मिळालेल्या गटाला वर्षाला सरासरी 3.4 झटके आले, औषध घेणाऱ्यांना 2; हॅमिल्टनमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या. 2015 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. या दोन लहान चाचण्या झाल्या नसत्या तर औषध फायलीतच राहिले असते, असे मला वाटते.

नाकाची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. दमा, नाकातले मास आणि ॲस्पिरिनने उठणारा त्रास एकाच माणसात असतो, हे फ्रान्समध्ये विडाल या डॉक्टरांनी 1922 मध्येच नोंदवले होते. तरी नाक कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे आणि छाती दुसऱ्याकडे, ही वाटणी चालू राहिली. मास काढायचे, ते पुन्हा वाढायचे. त्या मासातही बहुतेकदा इओसिनोफिलच ठासून भरलेले असतात. 2019 मध्ये डुपिलुमॅबला नाकातल्या मासासाठी मंजुरी मिळाली. चाचण्यांत मास आक्रसले आणि वर्षानुवर्षे गेलेला वासही अनेकांना परत येऊ लागला. ज्याला चहाचा वास येत नाही त्यालाच याचे मोल विचारावे.

आपल्याकडे या पेशीचा अर्थ लावताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जंत आणि फायलेरियामुळेही (हत्तीरोगाच्या कृमींमुळेही) रक्तातले इओसिनोफिल वाढतात. भारतातल्या रुग्णांवरून 1940च्या दशकात वर्णन झालेला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया रात्रीचा खोकला आणि धाप घेऊन येतो, थेट दम्यासारखा. त्याचे औषध मात्र फायलेरियाचे. म्हणून रक्ताच्या अहवालातला आकडा जास्त दिसला की आधी हे तपासायला हवे. ही महागडी इंजेक्शने बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि ज्यांना रोजचा स्टेरॉइडचा पंपही नियमित मिळत नाही त्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे.

2024 मध्ये ब्रिटनमधून आलेल्या एका चाचणीत 158 जण होते, दमा किंवा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा) झटका आलेले. सगळ्यांची निवड रक्तातले इओसिनोफिल पाहूनच केलेली. नेहमीच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी 90 दिवसांत 74 टक्के रुग्णांत उपचार अपुरा पडला. बेनरालिझुमॅबचे एक इंजेक्शन मिळालेल्यांत 45 टक्के. झटक्यात प्रेडनिसोलोनला पर्याय ठरू शकेल असे काही अनेक दशकांनी समोर आले आहे. आता ते मोठ्या चाचण्यांत टिकते का, हे पाहायचे आहे.